चौदा फुटी शिडाची होडी धरणात उतरवण्याआधी

जिंतूरकडच्या एका वाचकांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी १४ फुटी फायबरची जुनी शिडाची होडी घेतली आहे. एक मोठं शीड, पुढे एक छोटं, अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी, मधोमध वर-खाली होणारं सेंटरबोर्ड, म्हणजे तळाच्या फटीतून पाण्यात उतरणारी फळी, आणि मागे सुकाणू. येलदरीच्या जलाशयात ती दोघांनी चालवायची आहे. बोटीच्या सामानाचं दुकान जवळपास कुठेच नाही. तेव्हा क्लीट (दोर अडकवायच्या खुंट्या), कप्प्या, बसायची गादी, डोक्यावर सावली, नांगर, ट्रॉली यांतलं काय घरी करता येईल आणि सुरुवात कुठून करावी?

सुरुवात या यादीत नसलेल्या गोष्टीपासून करा. होडी उलटली आणि पाण्याने काठोकाठ भरली, तर ती तरंगत राहील का? आणि दोघं परत आत चढून पाणी उपसू शकतील का? याचं उत्तर ‘हो’ असं मिळेपर्यंत गादी, सावली आणि चकचकीत क्लीट यांना हात लावू नका. समुद्रकिनाऱ्यावरच्या क्लबात मदतीची मोटारबोट उभी असते. धरणावर तुमच्या मदतीला कोणी नसतं. फार तर थर्माकोलच्या तराफ्यावर जाळं टाकणारे भोई असतील, आणि वारा सुटला की तेही काठाला लागलेले असतात.

आधी हिशेब पाहू. फायबर पाण्यापेक्षा साधारण दीडपट जड असतं. १०० किलोची फायबरची होडी भरली की ती नुसती बुडू नये म्हणून ४० लिटरच्या आसपास बंद हवा लागते. धातूचं सामान आणि सेंटरबोर्ड धरून ५० धरा. पण नुसतं न बुडणं पुरेसं नाही. भरलेल्या होडीत माणूस बसला तरी सेंटरबोर्ड ज्या उभ्या पेटीत सरकतं तिचं वरचं तोंड पाण्याच्या वर राहायला हवं. ते पाण्याखाली गेलं तर तुम्ही बादलीने जितकं उपसाल तितकं त्या फटीतून परत आत येतं, आणि तासभर उपसूनही पातळी हलत नाही. जुन्या होड्यांत लोक हमखास इथेच फसतात. म्हणून १४ फुटीला एकूण २०० लिटर हवा धरा.

ही हवा स्वस्तात मिळते ती २० लिटरच्या जाड एचडीपीई प्लास्टिकच्या कॅनमध्ये. खाद्यतेलाचे किंवा इंजिन ऑइलचे कॅन धुऊन चालतात. फवारणीच्या औषधाचे कॅन मात्र कितीही धुतले तरी घेऊ नका, कारण झाकण गळलं तर तेच पाणी तुमच्या अंगावर येतं आणि धरणातही जातं. असे दहा कॅन लागतील. दोन पुढच्या डेकखाली, तीन-तीन दोन्ही कडांना बाकाखाली आणि दोन मागे. सगळे पुढे कोंबले तर भरलेल्या होडीचं नाक वर राहतं, शेपूट बुडतं आणि मागून चढणं अशक्य होतं. उरलेल्या सांदीकोपऱ्यांत शीतपेयाच्या २ लिटरच्या बाटल्या जाळीच्या पिशवीत भरून बांधा.

झाकण पहाटेच्या गारव्यात घट्ट लावा, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून. भर दुपारी तापलेल्या हवेवर झाकण लावलं आणि कॅन नंतर गार पाण्यात गेला, की आतली हवा आक्रसते आणि आट्यांमधून पाणी शोषलं जातं. पहाटे लावलेला कॅन दिवसा थोडा फुगतो, त्याची काळजी नको.

आता बांधणी. २० लिटरचा कॅन पाण्याखाली जवळपास २० किलोच्या जोराने वर ओढतो, म्हणजे एका बाजूचे तीन मिळून ६०. सुतळीने किंवा केबल टायने बांधलेले कॅन नेमके गरज पडते तेव्हा सुटून वाहून जातात. भंगारातल्या गाडीचे सीटबेल्ट आणा. तळाला बोल्ट मारायचा नाही. १२ मिमी मरीन प्लायचे हातभर लांब तुकडे तळाला इपॉक्सीने (रेझिन आणि हार्डनर मिसळून वाळणारा गोंद) चिकटवा, त्यावरून फायबरच्या कापडाचे दोन थर चढवा आणि पट्ट्याची कडी त्या तुकड्यात बसवा. प्रत्येक कॅनला दोन पट्टे.

एक गोष्ट ध्यानात असू द्या. कडेची हवा फार वर बांधली तर होडी आडवी पडल्यावर पाण्यावर उंच तरंगते, सेंटरबोर्ड हाताला लागत नाही आणि वारा तिला पोहणाऱ्यापेक्षा वेगाने पळवतो. म्हणून कॅन बाकाखाली, शक्य तितके खाली ठेवा.

सेंटरबोर्ड पूर्ण खाली राहील अशी सोय आजच करा. होडी संपूर्ण पालथी झाली की ते सरकून पेटीत जातं, आणि मग तिला फिरवायला धरायचं काय? सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटं रुंद पट्टी सेंटरबोर्डच्या वरच्या टोकापासून पुढच्या हुकापर्यंत ताणून बांधा. खाली दगड किंवा खुंट लागला तर ट्यूब ताणून सेंटरबोर्ड वर येतं, एरवी खालीच राहतं. पेटीच्या आत रबराची पातळ पट्टी चिकटवली तर घर्षणानेही ते जागी राहतं.

डोलकाठीच्या टोकाला ५ लिटरचा रिकामा, बंद कॅन बांधा. दिसायला ओबडधोबड आहे, वारा किंचित जास्त धरतो, तरीही बांधा. ६ मीटर उंचीवरची ५ किलोची उचल होडी पालथी होऊ देत नाही, आडवीच ठेवते. आणि आडवी होडी एक माणूस सेंटरबोर्डवर, मुळाशी उभा राहून उचलू शकतो. आपल्या धरणांत याचं महत्त्व दुप्पट आहे, कारण तळाशी काळ्या मातीचा गाळ आहे. ५ मीटर पाण्यात होडी पालथी झाली की डोलकाठीचं टोक गाळात रुततं. अशा वेळी पालथ्या होडीवर चढू नका, तुमच्या वजनाने काठी आणखी रुतते. पाण्यातच राहून होडी काठीच्या उलट दिशेला हळूहळू ओढावी लागते. डोलकाठी पोकळ असेल आणि दोर बाहेरून जात असतील तर दोन्ही टोकांना फोमचं बूच मारून सीलंट भरा, म्हणजे तिच्यात पाणी शिरत नाही.

परत चढण्यासाठी मागच्या बाजूला सीटबेल्टची रिकीब, म्हणजे पाय ठेवायचा फास, लटकवा. खालचा भाग पाण्याखाली ४० ते ५० सेंटीमीटर जायला हवा, आणि पायाच्या जागी पट्टा पाइपच्या वीतभर तुकड्यातून ओवा, म्हणजे तोंड उघडं राहतं. होडीच्या दोन्ही कडांना बाहेरून १० मिमीचा, फूटभर अंतरावर गाठी मारलेला दोर बांधा. १० लिटरची बादली आणि तिरकं कापलेला तेलाचा कॅन, दोन्ही होडीला दोरीने बांधलेले. न बांधलेली बादली होडी पहिल्यांदा उलटताच जाते.

लाइफ जॅकेट मात्र घरी बनवू नका आणि थर्माकोलचं तर नाहीच. ५० न्यूटन उचल देणारं जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतं, एवढंच. पोहता न येणाऱ्याला किमान १०० न्यूटनचं द्या, जे तोंड वर ठेवण्याच्या दृष्टीने बनवलेलं असतं.

हे झालं की सुकाणू. धरणात सुकाणू मोडायला खुंट आहेत, बुडीत गावांच्या भिंती आहेत, विहिरींचे कठडे आहेत. पाणी उतरत जातं तसे जानेवारीत नसलेले अडथळे एप्रिलमध्ये हातभर खोलीवर येतात. म्हणून एकसंध फळीचं सुकाणू असेल तर ते बदलून धक्का लागताच वर उडणारं करा. हे काम एखाद्या चांगल्या सुताराच्या मदतीने दोन दिवसांचं आहे.

१२ मिमी मरीन प्लायचे दोन गाल आणि मधे १८ मिमीचं पातं. प्लाय घेताना आयएस ७१० शिक्का पाहा. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ म्हणून विकलेलं घेऊ नका. दोन गालांमध्ये पात्यापेक्षा २ मिमी जास्त जागा ठेवा आणि तेलाच्या कॅनमधून कापलेल्या, १ मिमी जाडीच्या दोन प्लास्टिकच्या चकत्या पात्याच्या दोन्ही बाजूंना घाला. त्या नसल्या तर लाकूड फुगल्यावर पातं अडकून बसतं. मधला बोल्ट १० मिमी स्टेनलेस, नायलॉक नटासह. पात्याची पुढची कड गोल, सर्वांत जाड भाग पुढच्या कडेपासून एक तृतीयांशाच्या किंचित आत, आणि मागची कड निमुळती होत २ ते ३ मिमीपर्यंत. एवढं रंध्याने आणि पॉलिश पेपरने घासून केलं की सुकाणूची थरथर जाते.

पातं खाली धरायला ५ मिमीचा दोर पात्याच्या पुढच्या बाजूने वर आणून सुकाणू फिरवायच्या दांड्यावरच्या क्लीटला बांधा. पण मधे एक दुवा कच्चा ठेवा: सुतळीचा एकच पेड, हाताने जोर लावला तर तुटेल इतकाच. धक्का बसला की सुतळी तुटते, पातं वर उडतं आणि लाकूड वाचतं. खिशात सुतळीचे दहा तुकडे ठेवा. हा दोर ढिला पडला आणि पातं अर्धवट मागे झुकलं तर सुकाणू एकदम जड लागतं, कारण पात्याचा बराच भाग फिरण्याच्या अक्षाच्या मागे जातो आणि पाणी त्याला जास्त तरफेने ढकलतं. बरेच जण अशा वेळी शिडात दोष शोधत बसतात. हात दुखायला लागला की आधी पातं पूर्ण खाली आहे का ते पाहा.

सुकाणू ज्या खिळ्यांवर लटकतं ते वरचा-खालचा समान लांबीचे नकोत. खालचा १० मिमी जास्त लांब करून घ्या. हलत्या होडीत एकाच वेळी दोन भोकं जुळवणं फार अवघड जातं. लांब खिळा आधी बसला की दुसरा आपोआप सापडतो. स्टेनलेसचं हे काम साखर कारखान्यांची आणि दूध संकलन केंद्रांची भांडी-पाइप बनवणारे फॅब्रिकेटर नीट करून देतात. ३ मिमी पत्रा सांगा. गोड्या पाण्यात ३०४ ग्रेड पुरतो, ३१६ वर खर्च नको. आणि होडी उलटल्यावर सुकाणू निसटून बुडू नये म्हणून वरच्या खिळ्याला भोक पाडून त्यात पिन घाला.

दांड्याला जोडायची लांब काठी, म्हणजे एक्स्टेन्शन, अगदी सोपी आहे. ९० सेंटीमीटरची २० मिमी अ‍ॅल्युमिनियमची नळी घ्या. दांडा आणि नळी यांच्यामध्ये जाड विणलेल्या रबरी पाइपचा १२ सेंटीमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना क्लिप, मधे २ सेंटीमीटर मोकळे. सगळीकडे वळणारा सांधा तयार. विजेच्या वायरिंगची पीव्हीसी नळी इथे नको. उन्हाने ती ठिसूळ होते आणि जोर लावल्या क्षणीच तुटते.

आता शीड. तुमच्या होडीला शीड लहान करण्याची सोय नसेल, म्हणजे रीफ नसेल, तर येलदरीला काय किंवा माजलगावला काय, तुम्ही फक्त मंद वाऱ्याचे नाविक आहात. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी २० किलोमीटरचा वारा ३० झाला की शिडावरचा दाब सव्वादोनपट होतो. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा दिवसचे दिवस असा राहतो, आणि उन्हाळ्यात वळवाच्या आधी तर तो काही मिनिटांत येतो. पैठणच्या नाथसागरावर याहून जपून राहायला हवं. तिथे पाणी उथळ आणि पसारा मोठा, त्यामुळे लाटा आखूड, उभ्या आणि लागोपाठ येतात. शिवाय ते १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे. तिथे वन विभागाच्या परवानगीशिवाय होडी घालण्याचा विचारही करू नका. येलदरीलाही जलसंपदा विभागाची परवानगी लेखीच घ्या.

रीफ कसा करायचा? शिडाची पुढची, डोलकाठीला लागणारी कड ५ मीटर असेल तर खालच्या कोपऱ्यापासून ८० सेंटीमीटर वर खूण करा. शीड त्रिकोणी असल्यामुळे उंची १६ टक्के कमी झाली की क्षेत्रफळ ३० टक्के कमी होतं, पहिल्या रीफला हेच हवं. मागच्या कडेची खूण मात्र समांतर रेषेपेक्षा ५ ते ७ सेंटीमीटर वर घ्या. नाही तर रीफ घेतल्यावर बूम (शिडाच्या खालच्या कडेची आडवी काठी) खाली लोंबतो आणि डोक्यात बसतो.

या दोन कोपऱ्यांवर सगळा भार येतो, तेव्हा तिथे कापडाचे तीन थर लावा: १०, १५ आणि २० सेंटीमीटरचे, एकावर एक पायऱ्यांसारखे. सगळे थर एकाच रेषेत संपवले तर शीड नेमकं त्या रेषेवर फाटतं. कापड जुन्या शिडाचंच घ्या. मोंढ्यात ताडपत्री शिवणाऱ्यांकडे जाड कापडाची मशीन असते. त्यांना पॉलिएस्टर धागा आणि शक्य असेल तर नागमोडी टाका सांगा. सुती धागा उन्हापावसात टिकत नाही. कोपऱ्याला पितळी आयलेट (भोकाची कडी) ठोका, पण नुसत्या आयलेटवर भार टाकू नका. ती निसटू नये म्हणून सीटबेल्टचा छोटा पट्टा तिच्यातून घालून शिडाला शिवा.

मधल्या तीन-चार छोट्या भोकांतल्या दोऱ्या फक्त सैल कापड गुंडाळून ठेवण्यासाठी असतात. त्यांनी ताण घ्यायचा नाही. क्रम नेहमी असाच: आधी पुढचा कोपरा, मग मागचा कोपरा मागे खेचून घट्ट, आणि सगळ्यात शेवटी मधल्या दोऱ्या. सोडताना उलट. मागचा कोपरा बांधायच्या आधी मधल्या दोऱ्या बांधल्या की शीड त्या भोकांतून फाटत जातं. पाण्यावर पांढरे तुरे सगळीकडे दिसू लागले की रीफ घ्यायची वेळ झाली आहे. किंबहुना ते दिसण्याआधीच घ्या. नवख्याने काठावरच रीफ घेऊन निघावं.

वळवाचा ढग पश्चिमेला चढताना दिसला तर रीफसुद्धा पुरत नाही, शीड पूर्ण खाली यायला हवं. म्हणून शीड चढवायचा दोर बसल्या जागेवरून सुटला पाहिजे, आणि डोलकाठीची खाच मेणबत्ती घासून गुळगुळीत ठेवली पाहिजे. दोर सोडला की शीड आपल्या वजनाने निम्मं तरी खाली आलं पाहिजे. काठावर दहा वेळा करून बघा.

दोरांबद्दल थोडक्यात. शीड चढवायला आणि ओढायला पॉलिएस्टर, ८ मिमी. नायलॉन ताणतं म्हणून ते नांगराला चांगलं, शिडाला वाईट. मोंढ्यातला पिवळा-निळा प्लास्टिकचा दोर उन्हात सहा-आठ महिन्यांत कुरकुरीत होतो आणि हाताला कुसळं टोचायला लागतात. विहिरीची लोखंडी कप्पी शिडाला लावू नका, खाच खडबडीत असते आणि दोर खाते. कपडे वाळत घालायच्या कप्प्या तर खेळण्यातल्याच समजा. मोठ्या शिडाच्या दोराला बेअरिंगच्या चांगल्या कप्प्या ऑनलाइन मागवा. संपूर्ण होडीत पैसे खर्च करण्यासारखी हीच एक जागा आहे.

क्लीट मात्र घरी उत्तम होतात. बैलगाडीच्या कामातली जुनी, वाळलेली बाभूळ मिळाली तर त्याहून चांगलं लाकूड शोधू नका. ८ मिमी दोराला १२ सेंटीमीटर लांबीची, दोन शिंगांची क्लीट लागते. दोर ज्या दिशेने येतो तिच्याशी १० ते १५ अंश तिरकी बसवा, सरळ बसवली तर वळसे एकमेकांवर चढून अडकतात. पण मोठ्या शिडाचा दोर क्लीटला कधीच पक्का बांधू नका. डोंगरांच्या खाचांतून येणारा धरणावरचा वारा झटक्याझटक्याने दिशा बदलतो. दोर हातातच हवा, सोडला की सुटला पाहिजे.

प्रत्येक भोक हा होडीला झालेला घाव आहे, म्हणून भोक पाडण्याची पद्धत एकदा नीट शिकून घ्या. फायबरचा थर ३-४ मिमीच असतो. त्यात स्क्रू मारला तर तो काही महिन्यांत उपटून येतो. आरपार बोल्ट मारा आणि आतून १२ मिमी प्लायचा किंवा ५ मिमी अ‍ॅल्युमिनियमचा तळहाताएवढा तुकडा घाला. प्लायमध्ये ६ मिमी बोल्ट बसवायचा तर आधी १० मिमीचं भोक पाडा, खालून टेप लावा, इपॉक्सीत बारीक लाकूडभुसा मिसळून ते भरा, वाळल्यावर त्यातच ६ मिमीचं भोक पाडा. आता पाणी गळालं तरी लाकडापर्यंत पोचत नाही.

भोकात सीलंट भरताना व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन वापरू नका. त्यावर पुढे कोणताच रंग किंवा रेझिन धरत नाही. गाड्यांच्या काचा बसवणाऱ्यांकडचं पॉलियुरेथेन घ्या. बोल्ट आधी हातानेच बसवा, सीलंट १ मिमी जाडीचं राहू द्या, दुसऱ्या दिवशी घट्ट आवळा. पहिल्याच दिवशी पिळला तर सगळं सीलंट बाहेर पडतं आणि आत काहीच उरत नाही.

इपॉक्सी आणि मराठवाड्याचा उन्हाळा यांचं जमत नाही. तापमान १० अंशांनी वाढलं की मिश्रण वापरण्याचा वेळ साधारण निम्मा होतो. मे महिन्यात ४२ अंशांवर पावशेर मिश्रण मगात केलं तर ते हातातच धुमसायला लागतं. पहाटे पाच ते आठ हीच वेळ. एका वेळी ५० ग्रॅम, आणि मगात न ठेवता लगेच पसरट ताटलीत ओता. प्रमाण वजनकाट्यावर घ्या. काही रेझिनांना १०० ग्रॅमला १० ग्रॅम हार्डनर लागतं, काहींना ५० ग्रॅम. डब्यावर असेल तेच. लवकर वाळावं म्हणून हार्डनर जास्त घालणं ही सर्वांत महाग चूक आहे. पॉलिएस्टर रेझिनमध्ये ते काही अंशी खपतं, इपॉक्सीत मिश्रण कायमचं मऊ राहतं. पावसाळ्यात वाळलेल्या थरावर मेणचट साय येते, ती साध्या पाण्याने आणि घासणीने धुऊन मगच दुसरा थर द्या. वरून पांढरा किंवा फिकट रंग हवाच, कारण उन्हाने इपॉक्सी पिवळी पडून भुकटते, आणि गडद रंगाखाली ती तापून नरम होते. पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल विरघळवतं आणि लाकडाला नीट धरत नाही, हेही ध्यानात असू द्या.

ठिबकची जुनी १६ मिमीची नळी फेकू नका. ती काळी, ऊन सोसणारी असते. डोलकाठीच्या ताणतारांवर फूट-दोन फूट लांबीची नळी चिरून चढवा, पुढचं शीड तारेवर घासून फाटणं थांबतं. ट्रॉलीच्या टेकूंवरही तीच गुंडाळा. ताणतारा मात्र मोटारसायकलच्या ब्रेकच्या केबलच्या करू नका. ३ मिमीची स्टेनलेस तार आणि टोकांना दाबून बसवलेली तांब्याची नळी हवी. तिचा एखादा धागा जरी तुटून बाहेर आला तरी पूर्ण तार बदला.

नांगराबद्दल एक गैरसमज आहे. सिमेंट भरलेला डबा पाण्यात आपलं ४० टक्के वजन गमावतो, १० किलोचा डबा तळाशी ६ किलोही भरत नाही, आणि वाऱ्यात गाळावरून घसरत जातो. सळईचा चार आकड्यांचा गळही मऊ गाळात धरत नाही. दोन सपाट पात्यांचा ३-४ किलोचा नांगर, त्याला २ मीटर साखळी, आणि खोलीच्या पाचपट ते सातपट नायलॉन दोर. धरणाच्या पोटात बुडालेली झाडं आहेत, तेव्हा नांगराच्या खालच्या टोकाला वेगळी बारीक दोरी बांधून तिला रिकामी बाटली लावा. नांगर अडकला तर त्या दोरीने उलटा ओढून निघतो. याशिवाय धारदार सुरी, दोरीने बांधलेली, हाताच्या टप्प्यात. मासेमारीचं जाळं सुकाणूत अडकलं तर आधी सुकाणू काढून जाळं सोडवायचा प्रयत्न करा. ते कोणाच्या तरी पोटापाण्याचं आहे, कापणं हा शेवटचा उपाय.

ट्रॉलीची चाकं रुंद हवीत. पाणी उतरल्यावर काठाला काळ्या मातीचा शंभर-दोनशे फूट पट्टा उघडा पडतो, त्यात सायकलची चाकं आऱ्यांपर्यंत रुततात. स्कूटरची चाकं, कमी हवा भरलेली, बरी. बेअरिंग पाण्यात खराब होतं, म्हणून एचडीपीईचा बुश बसवा. आस होडीच्या तोलापेक्षा किंचित मागे, पुढचं टोक उचलायला ८-१० किलो लागेल इतपत. खर्च नको असेल तर सिंचनाच्या ११० मिमी पाइपचे चार फुटी तीन तुकडे, टोकं बंद करून, रोलर म्हणून वापरा. गाळात तेच जास्त चालतात.

डोलकाठी उभी करायच्या आधी वर बघा. अ‍ॅल्युमिनियमची सहा-सात मीटरची काठी आणि शेतातून गेलेली ११ केव्हीची लोंबती तार, यात दुसरी संधी मिळत नाही. काठी पाण्याच्या कडेला, तार कुठेच नाही अशा ठिकाणी उभी करा आणि तिथेच उतरवा. काठावरच्या मोटारींच्या केबली पाण्यात पडलेल्या असतात, तिकडे होडी लावू नका आणि पाण्यात उतरूही नका.

गादी आणि सावली यांबद्दल: गादी हवी तर बंद पेशींच्या फोमची. साधा स्पंज पाणी पितो. सावलीचा सांगाडा चालत्या होडीवर नको. बूम त्याला धडकतो आणि वाऱ्यात तेच दुसरं शीड होतं. टोपी, पूर्ण बाह्यांचा सदरा आणि पाच लिटर पाणी घ्या.

एवढं झाल्यावर पहिली चाचणी छातीभर पाण्यात, वारा नसताना, काठावर दोन माणसं उभी ठेवून. होडी मुद्दाम आडवी करा, मग भरा. पेटीचं तोंड पाण्याच्या किती वर राहतं ते मोजपट्टीने मोजा, चार बोटांपेक्षा कमी असेल तर आणखी दोन कॅन घाला. दोघांनी पाळीपाळीने रिकिबीतून चढून बघा. मग दोघं आत बसून पाणी उपसा, घड्याळ लावून. एकही कॅन सुटला, सुकाणू निसटलं किंवा कोणाला चढता आलं नाही, तर त्या दिवशी शीड चढवायचं नाही.

होडी उन्हाळाभर काठावर ठेवणार असाल तर ती पालथी घालून, सावलीत, कॅनची झाकणं सैल करून ठेवा. तळाची बुचं उघडी ठेवा आणि ती दोरीला बांधून सुकाणूच्या खिळ्याला अडकवा, म्हणजे पुढच्या वेळी बुचं लावल्याशिवाय सुकाणू बसवताच येणार नाही.